उभ्या रेघा

रेघ वाकडी गेली. फार नाही, केसाच्या जाडीइतकीच. पण सरळ खाली यायची ती शेवटाला डावीकडे सरकली आणि शेजारच्या रेघेला जाऊन टेकली. दयारामनं ब्रश उचलून हवेत धरला, डोक्याला बांधलेलं भिंग कपाळावर सारलं आणि आधी काय केलं असेल, तर खोलीत कुणी पाहिलं का ते बघितलं. पलीकडच्या टेबलावर गीता सक्सेना एका जुन्या पोथीच्या पानांवरची धूळ मऊ ब्रशानं झटकत होती. जानेवारीचं फिकं ऊन खिडकीपर्यंत येऊन थांबलं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं कापसाचा बोळा पाण्यात बुडवला, पिळला आणि रेघ पुसून टाकली. पाण्यातले रंग होते, पुसले गेले. आपण केलेलं काम उद्या कुणाला नको वाटलं तर पुसता आलं पाहिजे, हा ह्या कामाचा पहिला नियम. पण पुसताना बोळासुद्धा हलत होता, आणि ते मात्र पुसण्यासारखं नव्हतं. हात थरथरतो हे त्याला दिवाळीपासून ठाऊक होतं. दाढी करताना थरथरायचा, हजेरीच्या वहीत सही करताना थरथरायचा. तरी त्यानं हाताशी मनातल्या मनात एक करार करून ठेवला होता: बाहेर काय हवं ते कर, ब्रश धरला की गप्प बस. अडीच महिने हातानं तो पाळलाही. आज मोडला.

टेबलावर मेरी होती. हातभर उंचीची लाकडी फळी, मागे सोन्याचा वर्ख, निळ्या वस्त्रातली मेरी आणि तिच्या मांडीवर मूल. इटलीतल्या कुठल्या गावात, कोणत्या कारागिरानं पाचेकशे वर्षांपूर्वी हे काढलं, ते कुणाला ठाऊक नाही. इकडच्या एका तालुकदाराच्या आजोबांनी विलायतेहून येताना आणलं, हौस फिटल्यावर कोठीच्या जिन्याखाली ठेवलं, आणि तिथे तीन पिढ्या वाळवीनं ते आपलं मानलं. चेहरे वाचले. मेरीच्या डाव्या खांद्यावरचं वस्त्र मात्र तळहाताएवढं गेलं होतं. त्या खड्ड्यात दयारामनं खडू आणि सरस भरून पांढरा गुळगुळीत पृष्ठभाग केला होता, आणि आता त्या पांढऱ्यावर तो रेघा ओढत होता. बोटाच्या पेराहूनही आखूड, उभ्या, एकीला एक लागून, पण एकीत एक न मिसळता. एक निळी, एक हिरवट, मधेच एक तांबूस, पुन्हा निळी. चार पावलं मागे गेलं की डोळा त्या सगळ्या रेघांचं एक निळं वस्त्र करतो आणि चित्र सलग दिसतं. नाक लावून पाहिलं की रेघा सुट्या दिसतात आणि कळतं, एवढा भाग जुन्या कारागिराचा नाही, नंतर कुणीतरी भरलाय. रोमला शिकून आलेली ही विद्या, आणि लखनौत ती येणारा दयाराम एकटा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चित्र संग्रहालयाच्या भिंतीवर लागायचं होतं. खांदा अजून अर्धा पांढरा होता. रोज दीडदोनशे रेघा ओढल्या तर जमलं असतं, आणि आज सकाळपासून त्याच्या अकरा झाल्या होत्या, त्यातली एक पुसलेली. काम दुसऱ्याला दिलं तर का दिलं ते सांगावं लागणार. सांगितलं तर? वीस वर्षं ह्या हातानं त्याला ओळख दिली होती. साहेब लोक पाहुण्यांना त्याच्या टेबलाशी आणत आणि म्हणत, ‘हमारे गजभिये साहब, रोम रिटर्न्ड’. हात गेला तर मागे उरलेला दयाराम कोण, हे त्याला सांगता आलं नसतं. भीती वाटत होती. अगदी साधी भीती.

रोमला सिन्योरा फ्रांका म्हणायची, रेघ श्वास सोडताना ओढायची. घेताना नाही, रोखूनही नाही. अठ्ठ्याहत्तरचं साल. सरकारी शिष्यवृत्तीवर सहा महिने. वर्गात देशोदेशीचे नऊ जण आणि त्यांना शिकवणारी साठीची, ठेंगणी, बोटांना कायम सरसाचा वास येणारी ही बाई. तिचं इंग्रजी मोडकं आणि दयारामचं इटालियन त्याहून मोडकं, म्हणून दोघांचं छान जमायचं. तिनं सांगितलं होतं की महायुद्धात देवळांवर बॉम्ब पडले, भिंतींवरची चित्रं तुकडे होऊन जमिनीवर आली. लोकांनी ते तुकडे टोपल्यांत भरून आणले, नखाएवढेसुद्धा टाकले नाहीत, आणि मोठमोठ्या टेबलांवर मांडत बसले. मग प्रश्न आला, जे सापडलंच नाही त्या जागांचं काय करायचं? रिकामं ठेवलं तर डोळा भोकांशीच अडतो. बेमालूम रंगवून टाकलं तर मेलेल्या कारागिराच्या नावावर आपण खोटं बोलतो. तेव्हा ह्या रेघा निघाल्या. “दुरून प्रेमानं बघणाऱ्याला चित्र मिळावं,” सिन्योरा म्हणायची, “आणि जवळ येऊन विचारणाऱ्याला खरं मिळावं.” दयाराम हे वहीत मराठीत उतरवून घ्यायचा. त्याच्या सगळ्या जन्मात त्याला इतकी पटलेली गोष्ट कोणी शिकवली नव्हती. आणि त्याच सिन्योराशी तो खोटं बोलला होता. आठ वर्षं झाली त्याला; रेघ वाकडी गेल्याबरोबर तेच आधी आठवावं ह्याचं त्याला नवल वाटलं नाही.

रोमला फेब्रुवारीत त्याला ताप आला. नदीपलीकडच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली होती, तिथे तो दोन दिवस गोधडी डोक्यावरून घेऊन पडून राहिला. तिसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली आणि संत्र्यांची पिशवी घेऊन सिन्योरा आत आली, जिने चढून धापा टाकत. बसली, त्याच्या कपाळाला हात लावला, एक संत्रं सोलून त्याच्या हातात ठेवलं. मग तिची नजर गोधडीवर गेली. तिनं पर्समधून चष्मा काढला आणि चित्र बघतात तशी ती गोधडी बघायला लागली. नाक जवळ नेऊन टाके पाहिले. उठून खिडकीशी गेली आणि तिथून पाहिलं. पुन्हा जवळ आली. गोधडी गयाबाईनं, दयारामच्या आईनं शिवलेली. तो लखनौला नोकरीला निघाला तेव्हा उमरेडच्या घरात महिनाभर बसून तिनं ती पुरी केली होती. कडेला बाप दादारावांच्या धोतराचे तुकडे, तिच्या दोन जुन्या लुगड्यांचे काठ, बहिणीच्या परकराचं कापड, आणि अगदी मधोमध मोठा पांढरा चौकोन. छप्पनच्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा घ्यायला गेली तेव्हा नेसलेलं पांढरं लुगडं होतं ते. घरात पांढरं लुगडं नव्हतं, म्हणून मुद्दाम विकत घेतलेलं. अठरा वर्षांचा दयाराम त्या लाखोंच्या गर्दीत तिच्या लुगड्याचा पदर हातात धरून चालला होता, हरवू नये म्हणून. ती हरवू नये म्हणून की आपण, हे तेव्हाही नक्की नव्हतं. पुढे ते विरलं तरी तिनं पुसायला घेतलं नाही, फडताळात ठेवलं, आणि मुलगा परमुलखात निघाला तेव्हा त्याच्या छातीवर येईल असं मधोमध लावलं. त्या सगळ्यावरून धावदोऱ्याच्या ओळीच ओळी. ठिगळ लपवायचा कुठे प्रयत्न नाही. “कुणी केली ही?” सिन्योरानं विचारलं. तिच्या आवाजात असं काही होतं की खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगितलं की मागून दुसरा प्रश्न येणार. आई काय करते, चिंध्यांची का शिवते, तुमच्याकडे सगळे असंच पांघरतात का, तुम्ही कोण. त्याला असल्या प्रश्नांच्या रांगेची लहानपणापासून सवय होती आणि पहिल्याच दाराशी ती रांग अडवायची त्याची रीतही जुनी होती. “मेर्कातो,” तो म्हणाला. बाजारातून घेतली.

सिन्योरानं मान हलवली. मग तिनं गोधडीचा एक कोपरा उचलला. तिथल्या ओळी सरळ नव्हत्या, भरकटल्या होत्या. गोधडी संपत आली तेव्हा गयाबाईचा हात हलायला लागला होता. “हात नाचून रायला माहा,” ती हसून म्हणायची, “पाय तं कधी नाचले नाही बाप्पा, आता हात नाचते.” सिन्योरा त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत म्हणाली, “बाजारात बसणाऱ्या त्या बाईचा हात इथे थकला होता. तरी तिनं ओळ सोडली नाही. मी माझ्या वर्गातल्या मुलांना हे दाखवलं असतं.” दयारामनं संत्र्याची फोड तोंडात घातली आणि भिंतीकडे तोंड केलं. तापानं डोळ्यांत पाणी येतंच. परत आल्यावर आईला हे सांगायचं असं त्यानं शंभरदा ठरवलं. पण सांगायचं म्हटलं की ‘मेर्कातो’ही सांगावं लागलं असतं. एक्याऐंशीत ती गेली. तिला कळलंच नाही की रोम शहरातल्या एका मोठ्या बाईनं तिच्या टाक्यांपुढे चष्मा लावला होता.

साडेतीनला त्यानं मेरीवर मलमलचा तुकडा टाकला आणि ब्रश धुतले. “सर, आज इतनी जल्दी?” गीतानं विचारलं. सव्वीस-सत्तावीसची मुलगी, हात असा की पाण्याच्या पेल्यावर रेघ ओढायला सांगितली तरी ओढेल. दोनदा तिनं विचारलं होतं, सर, मैं भी सीखना चाहती हूँ. दोन्ही वेळा त्यानं, हाँ हाँ, देखेंगे, म्हणून टाळलं होतं. एकटा असण्याची गोडी त्याला कळत होती आणि त्या गोडीची लाजही वाटत होती. “अमीनाबाद जाना है, कोट लेना है,” तो म्हणाला. हे खरं होतं. रोमच्या जुन्या बाजारात घेतलेला गरम कोट, त्याच्या बाहीला कसरीनं भोक पाडलं होतं, आणि बायकोनं, सुभद्रानं, आठ दिवसांपूर्वी तो रफूला दिला होता.

अमीनाबादेत रिक्षा कधी सरळ जात नाही. कापडाच्या गाठी, काकड्या-मुळ्यांच्या गाड्या, बुरख्यातल्या बायकांची घासाघीस, ह्या सगळ्यातून उतरून चालत तो शब्बन मियाँच्या ओट्याशी पोचला. सत्तरीचे मियाँ जाड काचांच्या चष्म्यातून गुडघ्यावरच्या शालीत सुई घालत होते. त्यांनी कोट पुढे केला. “ढूँढिए साहब.” दयारामनं बाही उजेडात धरली. उलटी केली. बोटांनी चाचपली. वीस वर्षं भेगा, जोड, भरणं शोधण्यात गेलेला माणूस, पण भोक कुठे होतं ते त्याला सापडेना. मियाँ तोंडातला पानाचा तोबरा सांभाळत हसले. त्याला उगाच हार झाल्यासारखं वाटलं, आणि तो त्यांना रोमची गोष्ट सांगायला लागला. तिथे असं चालत नाही, तिथे दुरुस्ती जवळून दिसली पाहिजे असा कायदा आहे, सगळं रेघांसकट. मियाँनी शांतपणे ऐकून घेतलं. “तो हुज़ूर, वो मरम्मत हुई या इश्तहार?” दुरुस्ती, की जाहिरात? मग सुई शालीत टोचून ठेवली आणि नरमाईनं म्हणाले, “देखिए, जिसका कोट है वो तो जानता ही है कहाँ फटा था. अब बाज़ार को बताने की क्या ज़रूरत?” दयारामनं खिशात हात घातला. पैसे देताना नाणं त्याच्या बोटांतून निसटून ओट्यावर पडलं. मियाँनी ते उचललं, पण त्याच्या हाताकडे पाहिलं नाही. पाहायचं इतक्या जपून टाळलं की त्यांना दिसलं होतं हे त्याला कळलं.

आलमबागच्या क्वार्टरवर पोचेपर्यंत साडेपाच झाले. सुभद्रा डाकघरातून नुकतीच आली होती, स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. वसुधा, त्यांची बी. ए. ला असलेली मुलगी, दिवाणावर पाय दुमडून बसली होती, पायांवर गोधडी. लखनौच्या थंडीत ही गोधडी दुपारपासूनच बाहेर येते आणि घरातल्या ज्याला सापडेल त्याची होते. “पापा, कोट दिखाओ! अरे, पता ही नहीं चल रहा!” मराठी तिला सगळी कळते, बोलायची वेळ आली की हिंदी. त्यानं कोट काढून दिला आणि गोधडीचा अर्धा भाग स्वतःच्या गुडघ्यांवर ओढून घेतला. सुभद्रानं ट्रे आणून ठेवला. किटली, तीन कप, तीन बश्या. वसुधाचा कप काठोकाठ. सुभद्राचा काठोकाठ. त्याचा दोन बोटं कमी.

त्यानं कप उचलला नाही, नुसता बघत राहिला. दोन बोटं. हे आजचं नव्हतं. काल असंच होतं, परवाही. दूध कमी पडलं असेल, साखर सोडायला लावण्याची युक्ती असेल, असं काहीबाही त्याच्या मनात येऊन गेलं होतं. खरं तर काही आलंच नव्हतं, पुरुषमाणसाचं लक्ष कपात किती आहे इकडे असतं कुठे. आता मात्र त्याला एकेक दिसायला लागलं, भिंग डोळ्यावर ओढल्यासारखं. सुईत दोरा ओवून द्या हो, म्हणून ती दर रविवारी त्याच्यामागे लागायची. कधीपासून ती वसुधाला हाक मारते? डाळीची वाटी त्याच्या ताटात आधीच भातावर ओतलेली येते. दाढीचं पातं बदलून ठेवलेलं असतं. ह्या हिवाळ्यात घरात घालायला तिनं त्याला चौकातून तीन चिकनकारीचे कुर्ते आणले तेव्हा तो चिडला होता, आता ह्या वयात मी नवाब होऊ का. आणि ती म्हणाली होती, घाला हो, छान दिसता. कुर्त्यांना बटणं नव्हती. डोक्यातून घातले की झालं. अडीच महिने ही बाई त्याच्या दिवसाला रफू करत होती आणि भरणं-जोड ओळखण्याचा सरकारी पगार घेणाऱ्या माणसाला एक टाका दिसला नव्हता. त्याला हसू आलं.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“काय कधीपासून?”

“कप.”

सुभद्राचा हात बशीवर थांबला. तिनं वसुधाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “दिवाळीच्या आधीपासून. करंज्यांना कातण फिरवायला बसला होतात, तेव्हा दिसलं.”

“बोलली नाहीस.”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले.” ती हळू म्हणाली. “आईंचाही असाच हलायचा ना. त्या हसून सांगायच्या. तुम्ही लपवत होतात, मग म्हटलं, लपवू देत. मला ठाऊक आहे तेवढं पुरे.”

“क्या हुआ? कोई मुझे भी बताएगा?” वसुधानं विचारलं. आणि मग दयारामनं सांगितलं. रेघेचं सांगितलं, पुसल्याचं सांगितलं. सांगता सांगता तो मागे गेला, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीपर्यंत, संत्र्यांपर्यंत, चष्म्यापर्यंत, त्या भरकटलेल्या कोपऱ्यापर्यंत. “त्यांनी विचारलं कुणी केली, आणि मी म्हटलं बाजारातून आणली. आईची गोधडी. मधे तिचं दीक्षेचं लुगडं आहे, आणि मी म्हटलं बाजारातून.” हे वाक्य आठ वर्षं आत राहून इतकं जड झालं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. सुभद्रानं गोधडीवरचा त्याचा हात नुसता धरला, आणि तो तिच्या हातातही हलत राहिला.

वसुधा गोधडीचा तो कोपरा शोधत होती. सापडला. भरकटलेल्या टाक्यांवरून तिनं बोट फिरवलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. “पापा, आजी को इटालियन में क्या बोलते, अगर सच बोलते तो?”

“मिया माद्रे,” तो म्हणाला. माझी आई. किती सोपे शब्द होते. पहिल्या आठवड्यातच शिकलेले.

“मिया माद्रे,” वसुधा म्हणाली. मग मराठीत, अडखळत, “माझ्या आजीनं केली.”

बाहेर टेम्पोवाला बस अड्ड्याची सवारी ओरडून बोलवत होता. “उद्या गीताला ब्रश देतो,” दयाराम म्हणाला. “साहेबांना सांगतो. ती मुलगी चांगली आहे. खांद्याचा अर्धा भाग माझा राहील, अर्धा तिचा. जवळून बघणाऱ्याला कळेल कुठे हात बदलला ते. कळू दे.”

“आणि तुम्ही काय करणार?”

“शेजारी बसेन. श्वास कधी सोडायचा ते सांगेन.” हे म्हणताना त्याला वाटलं होतं की आवाज फुटेल. फुटला नाही. दुःख झालं, ते झालंच. पण सकाळची ती भीती कुठे दिसेना. त्यानं समोरचा कप सुभद्राकडे सरकवला. “हा पूर्ण भर.”

“अहो, सांडेल.”

“सांडू दे.”

तिनं किटली उचलली आणि ओतलं, काठाला येईपर्यंत, काठाच्याही वर किंचित फुगून येईपर्यंत. दयारामनं कान धरून कप उचलला. लेक बघत होती, बायको बघत होती, त्यानं कुणापासून हात लपवला नाही. कप बशीवर वाजला. चहा एका कडेनं बशीत गेला, दुसऱ्या कडेनं खाली, गोधडीवर, मधल्या पांढऱ्या चौकोनावर. त्यानं दचकून कप खाली ठेवायला घेतला, गोधडी झटकायला हात पुढे केला. सुभद्रानं तो अडवला.

“असू द्या,” ती म्हणाली. “आधी प्या. निवतोय.”